गल्लीतल्या बसची बाजू

३ सप्टेंबर, बुधवार

आज मी एका सरकारी माणसाला गाढव म्हणाले. तोंडावर म्हणाले. त्यानं टेबलावरचा पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "दमलात आजी, पाणी घ्या." आजी! मी तुझ्या आईला जन्म दिला की बापाला रे?

झालं ते असं. सकाळी बसथांब्याच्या खांबावर नोटीस चिकटवलेली दिसली. आमच्या गल्लीत शिरणारी बस बंद करण्याचा प्रस्ताव आहे. यापुढे ती मोठ्या रस्त्यानं सरळ जाईल, आणि ज्यांना हवी असेल त्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जाऊन, रस्ता ओलांडून, पलीकडे उभं राहावं. हरकती असतील तर जाहीर सुनावणीत मांडाव्यात. खाली सही, सहीखाली शिक्का, शिक्का तिरका. मी सारी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून केली. तिरका शिक्का मला खपत नाही. तडक परिवहन कार्यालय गाठलं. मार्ग आखणारा जो कोणी साहेब आहे, तो तरुण आहे, सभ्य आहे आणि स्वतः ऑफिसला सायकलनं येतो. भिंतीला टेकवलेली सायकल पाहिली आणि माझा तोल गेला.

चिंता माझी नाही. माझे पाय अजून घोड्याचे आहेत. चिंता वन्संची आहे. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. वन्संची हयात हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर गेली. निवृत्त झाल्यावर तिथेच चौकशीच्या खिडकीत बसायला लागल्या. पगार नाही, पण खुर्ची आहे. कुठला वॉर्ड कुठल्या मजल्यावर, एक्स-रेला कुठून जायचं, कुठला डॉक्टर जेवणाआधी चिडका असतो, सगळं तोंडपाठ. अलीकडे त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेकडेचं तेवढं दिसतं. "माणसाचा चेहरा दिसत नाही, कान दिसतात," असं त्या सांगतात. गल्लीतली बस आमच्या फाटकासमोर थांबते आणि हॉस्पिटलच्या दारात सोडते. म्हणून त्या एकट्या जातात, एकट्या येतात. ती बस गेली तर वन्संची खुर्ची गेली. मग त्या दिवसभर खिडकीशी बसणार आणि कसनुसं हसून "काही नाही गं, बरी आहे" म्हणणार. ते मला बघायचं नाही.

घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं.

"काय म्हणालीस त्याला?"

"गाढव."

"आणि मुद्दा काय मांडलास?"

"हाच."

वन्सं इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मग म्हणाल्या, "वाचनालयाच्या माडीवर वर्ग सुरू होतोय. वाद कसा घालायचा ते शिकवतात. खिडकीवर त्यांचा कागद लागलाय, कुणीतरी वाचून दाखवला. तुझं नाव देऊन टाकलंय फोनवर."

"मला? वाद घालायला शिकवणार?"

"भांडायला येतं तुला, इन्स्पेक्टर. वाद वेगळा."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, दिवस संपताना एकाचे तरी आभार मानावेत, मनात नसले तरी. सवय काही सुटली नाही. आज आभार त्या गाढवाचे. पाणी गार होतं.

६ सप्टेंबर, शनिवार

वर्ग पाहून आले. वर्ग घेणाऱ्या बाईंचं वय माझ्या नोकरीच्या वर्षांपेक्षाही कमी आहे. शेजारच्या खुर्चीवर दातांची एक डॉक्टर बसली होती. मी विचारलं, तू इथे कशाला? तर म्हणते, "काकू, मी बोलते तेव्हा समोरच्याच्या तोंडात माझा हात असतो. वर्षानुवर्षं कुणी उलट बोललेलंच नाही. आता घरी नवरा बोलतो तर सुचतच नाही काही." मुलगी बरी आहे.

बाईंनी प्रत्येकाला अलीकडचं एक भांडण सांगायला लावलं. मी बसचं सांगितलं, अगदी रंगवून. बाईंनी माझी वाक्यं फळ्यावर लिहून काढली. "सायकलनं हिंडणाऱ्याला बस काय कळणार?" "आज गल्लीतली बस काढतील, उद्या गल्लीच काढतील." "बस ठेवा, नाहीतर म्हाताऱ्यांना सरळ मारून टाका." मला वाटलं कौतुक चाललंय. मग त्यांनी प्रत्येक वाक्यापुढे एकेक नाव लिहिलं. व्यक्तीवर घसरणं. घसरगुंडी. खोटा पेच. याला तर्कदोष म्हणतात. वाक्य दिसतं मुद्द्यासारखं, पण मुद्दा नसतोच आत.

मी लाल झाले. पण फळ्याकडे बघताना वेगळंच आठवलं. काही दुकानदार वजनाचा तळ कोरून आत मेण भरायचे. वरून चकचकीत, शिक्का बरोबर, आणि उचललं की हाताला कळायचं, पोकळ आहे. अशी कितीतरी वजनं मी जप्त केली. आज माझीच वजनं कुणीतरी उलटी करून पाहिली.

बाईंचा एक नियम आहे. समोरच्याला खोडायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. तो "हो, मला हेच म्हणायचं होतं" म्हणाला, तरच पुढे बोलायचं. तोवर नाही. दातांची डॉक्टर म्हणाली, "मग तर बोलायची पाळीच येणार नाही." बाई म्हणाल्या, "बहुतेकांवर येतच नाही."

१३ सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर तर्कदोष पकडते आहे. फार मजा येते, नोकरीत परत गेल्यासारखं वाटतं. भाजीवाला म्हणाला, "सगळे याच भावानं नेतात." मी म्हटलं, सगळे नेतात म्हणून भाव रास्त ठरत नाही. तो म्हणाला, "बरं, ठेवा मग खाली." ठेवली. भाजीविना घरी आले. या शास्त्रात पोट भरण्याची सोय नाही.

वन्संनी आज साफ सांगितलं, "स्वयंपाकघरात माझे दोष काढायचे नाहीत. तुझ्या वर्गाला मी घातलंय, वर्ग माझ्यावर सोडू नकोस."

त्यांच्या कोपराला खरचटलंय. विचारलं, तर म्हणाल्या दाराची कड लागली. चपलांना ओली माती होती. फाटक ते बस एवढ्यात माती येते कुठून? अर्थ सरळ आहे. नजर आणखी गेली, घरातल्या दाराचाही अंदाज येईना. गल्लीतली बस आता हवीच हवी. हे सुनावणीत मांडलंच पाहिजे.

२४ सप्टेंबर, बुधवार

राग अजून उतरलेला नाही, अक्षर वाईट येईल.

बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. सरावाचा विषय आमच्याच बसचा घेतला, आणि माझ्या चिठ्ठीत निघालं, "बस गल्लीतून काढावी." मी म्हटलं, मी मरेन पण हे बोलणार नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, तुम्ही दुकानदाराचा काटा तपासायचात तेव्हा दोन्ही पारडी बघायचात की एकच?"

"दोन्ही."

"मग?"

मग काय, बसले गुमान. दातांच्या डॉक्टरला माझी बाजू मिळाली. ती माझी बाजू माझ्यापेक्षा वाईट मांडणार याचं दुःख निराळंच.

धोरणावर वाद घालायचा तर बाई चार प्रश्न विचारायला सांगतात. त्रास नेमका काय आणि कुणाला? तो आत्ताच्या व्यवस्थेमुळेच होतो का? सुचवलेल्या उपायानं तो जाईल का? आणि उपायामुळे नवा त्रास कुणाला होईल? मी मनात म्हटलं, चौथ्याचं उत्तर आमच्या घरात बसून चहा पितं आहे. पण चिठ्ठी बस काढण्याची आली, तेव्हा आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. इतकी वर्षं या बसनं फिरले, पण आमच्या गल्लीपलीकडे ती कुठे जाते हे कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यांच्या मागे नवी वस्ती झाली आहे. थांब्याला ना छप्पर ना बाक. हॉस्पिटलात काम करणाऱ्या बायका रांगेत उभ्या होत्या, डबे घेऊन. परतीची बस उशिरा सुटली. एक जण पुटपुटली, "आज पुन्हा हजेरी चुकणार."

मी विचारलं, रोज उशीर होतो का?

"येताना एका गल्लीत शिरते ना! तिथे बेकरीच्या वळणावर अडकते. टेंपो उभे असतात, मागेपुढे करत वळते. पुढचं सगळंच मग कोलमडतं. त्या गल्लीत राहतं तरी कोण एवढं?"

"मी," मी म्हटलं.

ती बाई ओशाळली. जरा सरकून तिनं मला रांगेत पुढे घेतलं आणि बसमध्ये खिडकीची जागा दिली. आमच्या गल्लीच्या वळणावर बस खरंच अडकली. मी फाटकापाशी उतरले तेव्हा मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

आज आभार त्या बाईचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

सरावाचं भाषण झालं. गल्लीतून बस काढण्याच्या बाजूनं मी बोलले. शेवटच्या थांब्यावरची रांग, चुकणारी हजेरी, बेकरीचं वळण. दातांची डॉक्टर मध्येच म्हणाली, "मला पटतंय हो!" बाईंनी तिला दटावलं, विरोधी पक्षानं असं बोलायचं नसतं.

वर्ग संपल्यावर बाई म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुम्ही कुणावरही चिडला नाहीत."

घरी येताना विचार केला. सायकलवाल्याचं म्हणणं गाढवपणाचं नाही. पण वन्संचं काय? दोन्ही पारडी भरलेली असली की काटा मधोमध थरथरत राहतो. निरीक्षकानं मग श्वास रोखून वाट बघायची असते. वाट बघणं मला नोकरीतही जमायचं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार



वर्ग लवकर सुटला. वाचनालयाच्या बाजूनं गल्लीत शिरले तर समोरून, टेंपोंच्या आडून, वन्सं येत होत्या, मोठ्या रस्त्याकडून. बरोबर एक अनोळखी बाई. बाई कसली, ती एक पाऊल मागे चालत होती, हात धरायचा सोडून नुसती बघत. वन्सं ठेचकाळल्या तरी तिनं हात पुढे केला नाही! मी ओरडणारच होते, पण आधी फाटकाआड झाले. वन्संनी बेकरीपाशी काहीतरी पिशवीत कोंबलं, लांबट, घडीचं. ती बाई म्हणाली, "आता तुम्हाला माझी फारशी गरज नाही." आणि वन्सं हसल्या. अशा हसल्या की तसं हसताना मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

घरात आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, कोण होतं बरोबर?

"हॉस्पिटलातली ओळखीची."

आता मी विचार केला आणि माझं मला कळलं. हॉस्पिटलच्या आवारात एकट्या बायकांसाठी वसतिगृह आहे. ती बाई तिथली व्यवस्थापिका असणार. बस बंद होणार, म्हणून वन्सं तिकडे राहायला जाणार. पिशवीत कोंबलं ते घडीचं सामान. "फारशी गरज नाही" म्हणजे बोलणी पक्की झाली. एकेक कडी जुळते. अलीकडे त्यांना भूकही बरी लागते, झोपही छान लागते. मन ठरलं की माणसाचं असंच होतं.

विचारणार नाही. आम्हाला सिस्टरांनी शिकवलंय, दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसू नये. बस वाचली की त्या जाणार नाहीत. तेव्हा बस वाचवायची.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दातांच्या डॉक्टरला वसतिगृहाचं सांगितलं. ती म्हणाली, "विचारलंत का त्यांना?"

मी म्हटलं, तुझ्या पेशंटला दुखतंय का हे तू विचारतेस?

"विचारते की. हात काढून विचारते."

विषय बदलला. तिच्यासमोर माझं भाषण म्हणून दाखवलं. सुरुवातीला सायकलवाल्याची बाजू, मग शेवटी वन्सं. ती म्हणाली, शेवट ऐकून रडू येईल सगळ्यांना. बाईंनी मात्र नुसतंच विचारलं, "त्या तिथे येणार आहेत ना?" मी म्हटलं, बोलावणार आहे. रडू येणार असेल तर ज्यांच्यासाठी येतंय त्या समोर असलेल्या बऱ्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सुनावणी झाली. जशी झाली तशी लिहिते, एक शब्द इकडेतिकडे करायचा नाही.

सभागृह भरलं होतं. मंचावर अध्यक्ष, शेजारी तो सायकलवाला. आमच्या गल्लीतले लोक पुढे बसलेले, शेवटच्या थांब्यावरच्या बायका मागे, डब्यांसकट. वन्सं मधल्या रांगेत कडेला, मांडीवर पिशवी.

माझं नाव पुकारलं. मी आधी प्रस्तावाची बाजू मांडली. वळण, टेंपो, कोलमडणारं वेळापत्रक, त्या रांगेतल्या बायकांची हजेरी. गल्लीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले, ही फितूर झाली की काय! मी सायकलवाल्याला विचारलं, "हेच म्हणायचं होतं ना आपल्याला?" तो उठून उभा राहिला. "हो. मला इतकं नीट नव्हतं मांडता आलं."

मग मी माझं काढलं. म्हटलं, "आता दुसरं पारडं बघा. माझ्या मोठ्या नणंदबाई इथे बसल्या आहेत. त्यांना नीट दिसत नाही. त्या हॉस्पिटलात आजही लोकांना वाट दाखवतात. गल्लीतली बस काढलीत तर त्यांचं काम गेलं, कारण मोठ्या रस्त्यापर्यंत त्या एकट्या चालत जाऊ शकत नाहीत."

"जाऊ शकते."

आवाज मधल्या रांगेतून आला. एक्सचेंजवर घडलेला आवाज तो, त्याला माईक लागत नाही. सभागृह हसलं. वन्संनी पिशवीतून ती लांबट घडीची वस्तू काढली, झटका दिला, आणि खट्खट करत ती उलगडली. पांढरी काठी होती. काठी टेकत त्या पुढे आल्या. कुणी हात द्यायला गेलं तर म्हणाल्या, "खुर्ची बाजूला घ्या फक्त."

माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "ही माझी भावजय. हिनं सगळं खरं सांगितलं, शेवटचं सोडून. हॉस्पिटलात काठी घेऊन चालायला शिकवणारी बाई आहे. तिच्याकडून शिकले. मोठ्या रस्त्यापर्यंत मी जाते आणि येते. बेकरीपाशी फुटपाथ फुटलाय, तिथे पडलेही. पण अडचण चालण्याची नाही. रस्ता ओलांडताना दिवा हिरवा झालेला मला दिसत नाही. शेजारी कुणी निघालं की मी निघते. शेजारी कुणी नसलं की उभीच राहते. आणि वळणाऱ्या गाड्या कुणासाठीच थांबत नाहीत, डोळसांसाठीही नाही. माझ्यासाठी बस गल्लीत ठेवा असं मी म्हणत नाही. त्या मागच्या बायकांना माझ्यापायी उशीर व्हावा हे मला नको. मला ओलांडता येईल असा रस्ता द्या."

सायकलवाला लिहून घेत होता. मान वर करून त्यानं विचारलं, "दिव्याला आवाज बसवला तर?"

"मग मला शेजारी लागणार नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "पहिल्या वक्त्यांना काही उत्तर द्यायचं आहे का?"

भाषण हातात होतं आणि त्याचा तळ निघून गेला होता. सरळ खाली बसता आलं असतं. गल्लीतले लोक डोळ्यांनी खुणावत होते, काहीतरी बोल. मी म्हटलं, "माझं एक विधान चुकीचं होतं. मी ते मागे घेते." हातातल्या भाषणाची घडी घातली. "आणि त्याच्या जागी एक दुरुस्ती सुचवते. बस गल्लीतून काढा. पण आधी फुटपाथ, आधी आवाजाचा दिवा, आणि वळणाऱ्या गाड्यांना थांबायला लावणारी पाटी. हे तिन्ही झाल्याशिवाय बस हलवायची नाही. शेवटच्या थांब्यावर छप्परही द्या, तिथे उन्हात उभं राहावं लागतं."

मागून एका डब्यावर चमचा वाजला. मग सगळ्या डब्यांवर.

परत येताना आम्ही गल्लीच्या बसमध्ये शेजारीशेजारी बसलो.  बेकरीच्या वळणावर बस अडकली तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, भर सभेत मला खोटं पाडलंत."

"तू खोटं बोललीस."

"मला ठाऊक नव्हतं."

"मला विचारलंस?"

"मला वाटलं, तुम्ही वसतिगृहात राहायला चाललात."

"कुठल्या वसतिगृहात?"

मी सगळं सांगितलं. ती व्यवस्थापिका, ते घडीचं सामान, ती भूक आणि झोप. वन्सं हसत सुटल्या. बसमधल्या लोकांनी माना वळवल्या. "अगं, चालून चालून भूक लागते! झोप येते! दोषांच्या वर्गाला जातेस की दोष गोळा करायला?"

"हसा. पण मला सांगायला काय झालं होतं?"

त्या थांबल्या. माझ्या कानांकडे बघत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू हात धरला असतास. तू एकदा हात धरलास की सोडत नाहीस, इन्स्पेक्टर. मी पडले तेव्हा तू तिथे नव्हतीस, म्हणून मी माझी उठले."

 मी आधी त्यांचं म्हणणं माझ्या तोंडानं मांडून बघितलं, की मी हात धरला की सोडत नाही, आणि त्या म्हणाल्या, "हो, मला हेच म्हणायचं होतं." 

भर सभेत मला खोटं पाडणाऱ्या बाईचे आभार. मनापासून मानते आहे, सिस्टर. सक्ती नको.

५ नोव्हेंबर, बुधवार

निकाल लागला. दुरुस्ती मान्य झाली, छप्पर सोडून. छपरासाठी वेगळा अर्ज करा म्हणतात. केला. सही सरळ, शिक्का त्यांचा तिरकाच.

वर्गाचा आज शेवटचा दिवस होता. दातांची डॉक्टर सांगत होती, आता ती नवऱ्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं मांडते, तो इतका चकित होतो की भांडायचंच विसरतो. बाईंना म्हटलं, तुम्ही माझी वजनं उलटी केलीत. त्या म्हणाल्या, "काकू, पुढच्या वर्गाला याल का, शिकवायला मदत?" मी म्हटलं, माझी जीभ तिखट आहे. "म्हणूनच," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांचा हात हातात घेतला. एवढासा हात आहे. मला काही बोलता आलं नाही, आणि वाद शिकवणाऱ्या वर्गात मी अशी गप्प उभी राहिलेली कुणाला सहन होईना, म्हणून डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून गल्लीत बस नाही.

काम व्हायला अपेक्षेपेक्षा वेळ लागला, पण झालं. बेकरीपाशी नवा फुटपाथ आहे. मोठ्या रस्त्यावरचा दिवा हिरवा झाला की टकटक आवाज करतो. शेजारच्या लोकांनी त्याबद्दल तक्रार केली. मी त्यांच्या दारात जाऊन आधी त्यांचं म्हणणं नीट मांडलं, मग माझं. आता आवाज थोडा कमी करून ठेवलाय, दोघांना चालेल इतका.

सकाळी गल्ली अगदी मुकी वाटली. वन्संनी केस विंचरले, पिशवी घेतली, काठी उघडली. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "मागे यायचं नाही."

"नाही येणार."

"शब्द?"

"शब्द."

त्या गेल्या. मी कप विसळले. मग पुन्हा विसळले. मग चपला घातल्या, जरा पाय मोकळे करायला. बेकरीपर्यंतच गेले. पुढे रस्ता दिसतो तिथून. वन्सं काठावर उभ्या होत्या, शेजारी कुणी नव्हतं. टकटक सुरू झाली. त्यांनी काठी पुढे टाकली आणि चालू लागल्या. वळणारी एक गाडी होती, ती थांबली. त्या पलीकडे पोचल्या, थांब्याचा खांब हातानं चाचपला, आणि बस आली. सगळं फार लवकर झालं. मी घरी येऊन पाणी प्यायले.

फोन वाजला.

"पोचले."

"बरं."

"बेकरीपुढे आली नाहीस, चांगलं केलंस."

"मी घरातच होते."

"तुझ्या चपला वाजतात गं. गल्लीत आता बसचा आवाज नाही."

मी काही कबूल केलं नाही. पुरावा नुसत्या आवाजाचा होता.

"थांब, खिडकीवर कुणीतरी आलंय," वन्सं म्हणाल्या. आणि मग फोनमधून तो दुसरा आवाज आला, एक्सचेंजवरचा. "घाबरू नका, बाळ इथेच आहे. सरळ जा, पाण्याच्या टाकीपाशी वळा, जिना चढा, समोरच मुलांचा वॉर्ड. हो, हो, भेटू देतात आता. जा." मग आणखी कुणीतरी. मग आणखी कुणी.

फोन ठेवायचं त्या विसरूनच गेल्या. हयात एक्सचेंजवर गेलेली बाई फोन ठेवायला विसरते, वय झालं, दुसरं काय. मी मात्र ठेवला नाही. खुर्ची ओढून बसले आणि त्या सगळ्यांना वाट सांगत होत्या ते ऐकत राहिले.